ग्रंथ बांधून ठेवला ते चार दिवस

या महिन्याच्या सुरुवातीला आमच्या विहाराच्या ग्रुपवर मेसेज आला. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतोय, ग्रंथवाचनासाठी ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी कळवावं. खाली कांबळेकाकांनी हात जोडल्याची तीन चिन्हं टाकली होती. कांबळेकाका विहाराचे सेक्रेटरी. मी मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. मग अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर विम्याचे दावे तपासत बसले आणि प्रत्येक दाव्याच्या शेवटी मला वाटत राहिलं की कुणीतरी मला काहीतरी विचारलंय आणि मी गप्प आहे.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. भिक्खूंनी या दिवसांत फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा फार जुना नियम आहे. आमच्यासारख्या घरदार असलेल्या लोकांनी त्यातून आपला एक नियम काढला. रोज संध्याकाळी विहारात जमायचं, एकानं ग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. आश्विन पौर्णिमेला वाचन संपतं. त्या दिवशी खीर असते.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची पुनर्वसनाची इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर एका बाजूला पंपाची खोली, दुसऱ्या बाजूला सोसायटीचं ऑफिस आणि मधे विहार. पाणी चढवायची मोटर सुरू झाली की वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. ओल्या छत्र्या दाराबाहेर उघड्या ठेवतात, त्यांच्याखाली पाण्याची तळी होतात. आत मेणबत्तीचा, अगरबत्तीचा आणि ओल्या साड्यांचा वास. माझ्यासाठी पावसाळ्याचा वास हाच. मातीचा वास वगैरे मी शाळेच्या निबंधात लिहीत असे. आमच्या आवारात माती नाही, फरशा आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या वर्षावासाबद्दल सगळं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंही नाही. एक पुस्तक खराब झालं, इतकंच.

पुस्तक म्हटलं की आत्या रागावते. "ग्रंथ म्हण." पप्पा याच्या उलट. ते म्हणतात, "पुस्तकच आहे ते. वाचायचं असतं, पुजायचं नसतं. तेच तर त्यात लिहिलंय." मी या दोघांच्या मधे वाढले. आत्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. जिन्यात कुठेतरी पुस्तकाचा ग्रंथ होत असावा.

शाळेत सहावीत आम्हाला चार्ट करायला सांगितला होता. सगळ्या धर्मांचे पवित्र ग्रंथ. एकेका धर्मासमोर एकेक नाव आणि शेजारी चित्र चिकटवायचं. बौद्ध धर्मासमोर पाठ्यपुस्तकात एक लांबलचक पाली नाव होतं. बाईंनी सांगितलं, त्याचा अर्थ तीन टोपल्या. मी ते नाव मन लावून लिहिलं आणि तीन टोपल्या काढल्या. वर्गात बौद्ध मी एकटीच होते, हे मला माहीत होतं, बाईंना नव्हतं. घरी येऊन आत्याला विचारलं, "आपल्याकडच्या टोपल्या कुठायत?" तिला वाटलं, मला भाकरी ठेवायची टोपली हवी आहे. तिच्याकडे होता तो बुद्धांच्या चरित्राचा आणि उपदेशाचा एकच जाड मराठी ग्रंथ, निळ्या पुठ्ठ्याचा, पाठीला डॉक्टरी चिकटपट्टी लावलेला, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. चार्टवर त्याला जागा नव्हती. मला पूर्ण मार्क मिळाले आणि तेव्हापासून मला शंका आहे की आमच्या धर्माबद्दल मला जे माहीत आहे ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातलं आहे.

आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण, हिंगोलीकडून लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. महापालिकेच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ती आया म्हणून लागली. तिथल्या एका नर्सबाईंनी तिला अक्षरं शिकवली आणि पुढचं वाचन ती या ग्रंथावर शिकली. बोट ठेवून, पुटपुटत, एकेक ओळ. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. विहारात बावीस वर्षं तिनंच वाचलं. रोज जिथे थांबायची तिथे समासात पेन्सिलीचा बारीकसा ठिपका द्यायची. त्यामुळे काही पानांच्या कडेला ठिपक्यांची रांगच झाली होती. कुठल्या वर्षी कुठे थांबलो हे तिला ठिपक्यावरून सांगता येत नसे, पण ती त्यांवरून बोट फिरवायची.

त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी श्रावणातली.

"पुढं ढकलता येणार नाही का?" कांबळेकाकांनी विहारात विचारलं.

"ढकलली तर मंग दिवाळीनंतरची मिळंल. तवर मला तुम्ही तरी दिसाल का?"

"माझ्यात बघण्यासारखं काय आहे?"

"ते बी खरंच."

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिनं माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "यशू वाचंल."

माझी बोलायची भाषा मराठी, पण वाचायची इंग्रजी. जोडाक्षर आलं की मी थांबते, आधी मनात म्हणून बघते, मग तोंडानं. आणि लोकांसमोर मला इंग्रजीतही बोलता येत नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही बोलावंच लागतं.

सरावासाठी तिनं मला तिचा ग्रंथ दिला. विहारात दुसरी प्रत नव्हती. "अक्षर ओळखीचं होऊ दे," ती म्हणाली, "हीच प्रत वाच. आश्विन पौर्णिमेपर्यंत पुरा झाला पायजे. बावीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही." तिला भीती ऑपरेशनची नव्हती, वाचनात खंड पडण्याची होती. हे मला तिच्या आवाजावरून कळलं आणि मग मागे फिरण्याची सोय राहिली नाही.

ऑपरेशन झालं आणि पहिले आठ दिवस मी वाचलं. वाईट वाचलं. तेव्हा ऑफिसचं काम घरूनच असे, त्यामुळे घरी दुपारी सराव, संध्याकाळी विहारात वाचन, परत येताना ग्रंथ फडक्यात बांधून छातीशी. आत्याला काळा चष्मा लागला होता, ती पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसायची आणि मी अडले की मान हलवायची. पुढचा शब्द तिला माहीत असायचा, पण ती सांगायची नाही. वाट बघायची. बाकीच्या बायकाही वाट बघायच्या. मोटर चालू असली की मला बरं वाटायचं.

नवव्या दिवशी मी ऑफिसचं काम संपवून वाटेत सराव करायला ग्रंथ बरोबर घेऊन एका मैत्रिणीकडे गेले होते आणि येताना रिक्षातून उतरले तेव्हा आडवा पाऊस आला. पिशवीत पाणी गेलं. फार नाही. फडकं ओलं झालं होतं, आतला पुठ्ठा हाताला दमट लागत होता. मी घरी येऊन काय करायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. उघडून पंख्याखाली ठेवायचा. दुसरं कुठलंही पुस्तक असतं तर मी तेच केलं असतं.

पण त्याच संध्याकाळी माझी पाळी आली.

आमच्या घरात पाळीचं काही पाळत नाहीत. मम्मी सगळं करते, आत्या तर हसते अशा गोष्टींना. पण शाळेत माझी सगळ्यात जवळची मैत्रीण देवयानी होती, मुलुंडला राहायची. आठवीत तिच्या घरी गणपतीला गेले तेव्हा तिच्या आईनं दारातच हळूच विचारलं, "काही अडचण नाही ना गं?" मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी मान हलवली. त्यांनी मला आत घेतलं, आरतीचं तबक हातात दिलं. मला अपमान वाटायला हवा होता, असं आता पप्पांच्या डोक्यानं विचार केला की वाटतं. पण तेव्हा मला आनंद झाला होता. त्यांनी मला तो प्रश्न विचारला म्हणजे मला आपल्यातलीच धरलं. माझ्या हातानंही काहीतरी विटाळू शकतं, म्हणजे तिथे काहीतरी पवित्र होतं आणि मी त्याच्या इतक्या जवळ उभी होते.

हे सगळं त्या दिवशी मला सुचलं असं नाही. त्या दिवशी फक्त हात पुढे झाला नाही. मी ग्रंथ फडक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. घरात त्याहून उंच जागा नव्हती. ताप आलाय असं सांगितलं.

चार दिवस विहारात कांबळेकाकांनी मोबाईलवर पीडीएफ काढून वाचलं. ते मला मम्मीकडून कळत होतं. पहिल्याच दिवशी वाद झाला म्हणे.

"मोबाईलवर ग्रंथ वाचायचा?" तिसऱ्या मजल्यावरच्या गायकवाडबाई म्हणाल्या.

"का, शब्द तेच आहेत की."

"त्याच मोबाईलमधे तुमचे क्रिकेटचे मेसेज येतात, वाचता वाचता वरून. मघाशी तुम्ही मधेच हसलात."

"मी उपदेशावर हसलो."

"उपदेश दुःखावर चालू होता, काका."

आत्यानं उठताना मम्मीला विचारलं, यशूचा ताप किती आहे.

पाचव्या दिवशी केस धुऊन मी पिशवी खाली काढली. गाठ सोडल्याबरोबर वास आला. ओल्या गोणपाटासारखा, कुबट. फडक्यावर राखाडी ठिपके होते. ग्रंथाच्या मधल्या पानांवर हिरवट बुरशी धरली होती आणि साधारण वीसेक पानं एकमेकांना चिकटून एकच झाली होती. मी बसून राहिले. माझ्या लक्षात आलं की मी ज्याला इतकं जपून ठेवलं तो जपल्यामुळेच सडला. मान दिला नसता तर वाचला असता. हे वाक्य तेव्हापासून मी अनेक वेळा उलटसुलट करून बघितलंय. त्यातून काही शिकायचं असेल तर काय, ते मला नीट सांगता येत नाही. मान देऊ नये, असंही वाटत नाही.

सगळ्यात सोपं होतं खोटं बोलणं. भिजला, लक्षात आलं नाही. आत्यानं ते मानलं असतं. पण मी दुसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा ती डोळ्यांत औषधाचे थेंब घालून खाटेवर उताणी पडली होती आणि तिला मी दिसत नव्हते. मला वाटतं त्यामुळेच मला बोलता आलं.

"ग्रंथ भिजला, आत्या."

"मंग वाळव."

"बुरशी आली. पानं चिकटलीत."

ती उठून बसली. हात पुढे केला, मी ग्रंथ हातात दिला. तिनं वास घेतला. पानांवरून अंगठा फिरवला, चिकटलेल्या जागी थांबली.

"आज भिजला का?"

"नाही. पाच दिवस झाले."

"पाच दिवस काय करत हुतीस? उघडला का नाही?"

तिनं वाट बघितली, विहारात बघायची तशीच. शब्द तिला माहीत होता की नाही कोण जाणे.

"माझी पाळी होती," मी म्हणाले. "ताप नव्हता."

खाली मोटर सुरू झाली आणि बंद झाली.

"मी चौतीस वर्षं बाळंतिणींचं रक्त पुसलं," ती म्हणाली. "दिवसाला पाच-सहा बाळंतपणं. हात धुवायचे, बस पकडायची आणि ह्याच हातानं येऊन हा उघडायचा. माझी स्वतःची आली तरी उघडायचा. मला कुणी इचारलं नाही, अन् मी कुणाला इचारलं नाही. माझ्या आईला देवळाच्या पायरीला हात लावू देत नव्हते. तिचा विटाळ महिन्यातनं चार दिवसांचा नव्हता, बारा महिने तेरा काळ होता. त्यातनं भाईर पडलो आपण. आन् तू इंग्लिश शाळेत जाऊन परत चार दिवस आणलेस व्हय गं?"

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या बोलण्यातलं एकही अक्षर मला खोडता येत नव्हतं, आणि तरी माझ्या आत एक प्रश्न तसाच होता. तो मी विचारला, कारण तेव्हा विचारला नसता तर पुन्हा कधी विचारला नसता.

"मग तू त्याला पांढऱ्या फडक्यात का बांधतेस? जमिनीवर का ठेवू देत नाहीस?"

"धूळ बसती म्हणून."

"फक्त धूळ?"

ती ग्रंथाची चिकटपट्टी नखानं दाबत बसली. "बांधताना बरं वाटतं," ती शेवटी म्हणाली. "आता का वाटतं ते नको इचारू. मला बी नाही माहीत."

मग तिनं मला पातेल्यात पाणी तापवायला सांगितलं.

जखमेला चिकटलेली पट्टी कशी काढतात, हे तिला माहीत होतं. ओढायची नाही. कोमट ओल द्यायची, थांबायचं, कडेनं सुरुवात करायची आणि माणसाशी बोलत राहायचं. तसं आम्ही तीन संध्याकाळी, वाचनाच्या आधी, तिच्या ओट्याशी बसलो. वाफेवर पान धरायचं, स्टीलची पट्टी हळूच सरकवायची. तिला दिसत नव्हतं, म्हणून डोळे माझे आणि हात तिचे. "कड सुटली का?" "सुटली." "आता मधी जा. घाई नको. दुखतंय त्याला." ती कुणाशी बोलत होती, माझ्याशी की पानाशी, मला कळलं नाही. सुटलेली पानं आम्ही जुन्या वर्तमानपत्रांत घालून पंख्याखाली, सरळ जमिनीवर पसरली. आत्या त्यांच्यामधून पाय उचलून चालायची.

सगळी अक्षरं वाचली नाहीत. काही ठिकाणी एका पानाची अक्षरं दुसऱ्या पानावर उलटी उमटली होती, काही ठिकाणी कागदच निघाला होता. ती पानं वाचायची संध्याकाळ आली तेव्हा आत्या म्हणाली, "मोबाईल नको. ह्याच्यातनंच वाच. भोक आलं की थांब."

मी वाचत गेले. भोक आलं, थांबले. बुद्ध एका आईला सांगत होते की दुःखाला तोंड देताना सोबत काय असावं, आणि नेमका तो शब्द नव्हता.

"मैत्री," गायकवाडबाई म्हणाल्या.

"मैत्री कशी? करुणा आहे तिथे," मागून मम्मी म्हणाली.

"प्रज्ञा," कुणीतरी तिसरं. "मी दरवर्षी ऐकते."

"दरवर्षी तुम्ही झोपता," गायकवाडबाई म्हणाल्या. सगळे हसले. कांबळेकाकांनी न राहवून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ शोधलं. "धीर," ते म्हणाले. "धीर असं आहे."

बावीस वर्षं ऐकलेल्या ओळीतला एक साधा शब्द कुणालाच आठवला नव्हता. मी आत्याकडे पाहिलं. तिलाही नव्हता आठवला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग मान हलवून ती नेमकी कशाची वाट बघायची, इतके दिवस? मला वाटलं ती खचेल. ती थोडीशी हसली. "चारी शब्द चालत्यात," ती म्हणाली. "वाच पुढं."

पप्पांना हा प्रसंग फार आवडतो. ते म्हणतात, बघ, पाठांतराला अर्थ नाही, समज महत्त्वाची. गायकवाडबाई म्हणतात, म्हणूनच ग्रंथ पाहिजे, माणसाच्या डोक्याचा भरवसा नाही. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे मी कुणाशीच बोलत नाही.

आश्विन पौर्णिमेला वाचन पुरं झालं. खंड पडला की नाही, यावर अजून एकमत नाही. मोबाईलवरचे चार दिवस धरायचे की नाही, तो प्रश्न आत्या उकरून काढत नाही. पुढच्या वर्षी विहारानं नवी प्रत आणली. जुनीचं काय करायचं, यावर बैठक झाली. रद्दीत देणं कुणाच्या जिभेवरही आलं नाही. खाडीत सोडू, असं एकजण चुकून बोलून गेला, तर कांबळेकाका म्हणाले, आपण विसर्जन करत नाही. जाळण्याचं कुणी नाव काढलं नाही. पुरायचं, तर कुठे, सगळीकडे फरशा. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथेच आहे. पवित्र काही नसतं असं मानणाऱ्या पंचवीस माणसांना एक फाटकं पुस्तक टाकता आलं नाही. आणि पवित्र आहे असं म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

गेली दोन वर्षं आत्यानंच वाचलं. डोळे आता चांगले आहेत. या वर्षी मात्र गुडघ्यांमुळे तिला फार वेळ बसवत नाही. ग्रुपवरच्या त्या मेसेजला मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी तीच जिन्यात भेटली.

"नाव दिलंस का?"

"नाही."

"काऊन?"

"पौर्णिमेच्या आसपास माझी तारीख आहे." मी मुद्दाम सांगितलं. का, ते कळत नाही. तिनं पुन्हा रागवावं, असं कदाचित मला हवं होतं. तिच्या रागात निदान काय बरोबर ते स्पष्ट असतं.

ती रागावली नाही. कठड्याला धरून एक पायरी उतरली, थांबली. "ते तुझं तू बघ," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून वाचलंस तर ते बी तसलंच झालं." आणि उतरून गेली.

मी नाव दिलं. परवा पौर्णिमेला सकाळीच पाळी आली. संध्याकाळपर्यंत मी कुणाला काही सांगितलं नाही. पोट दुखत होतं, मी गोळी घेतली, पांढरा ड्रेस घातला, मग डाग पडेल या भीतीनं काळी सलवार चढवली. ती भीती कुठली, तेही मी तपासून पाहिलं. ती फक्त डागाची होती, असं वाटलं. नक्की सांगता येत नाही.

विहारात नवी प्रत टेबलावर होती, नव्या फडक्यात. आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. पंचवीस-तीस माणसं, बाहेर छत्र्या. मी बसले, फडक्याची गाठ सोडली आणि ग्रंथावर हात ठेवला. हात थंड होता, पुठ्ठा गुळगुळीत. मी थोडा वेळ तसाच ठेवला.

काहीच झालं नाही. माझ्या हातानं त्याला काही झालं नाही, त्याच्यामुळे मला काही झालं नाही. हेच तर मला सिद्ध करायचं होतं. पण त्या क्षणी मला जरासं वाईट वाटलं, एखाद्या घराचं दार ढकलून बघावं आणि ते मुळात बंदच नव्हतं असं निघावं, तसं. हे आत्याला सांगता येणार नाही, पप्पांना तर नाहीच. आत्यानं मान हलवली. मी पहिलं पान उघडलं, पहिल्याच ओळीत जोडाक्षर होतं. ते मी आधी मनात म्हणून बघितलं, आणि मग तोंडानं.